कोकणात ड्वार्फ हॅमस्टरचं घर: फेब्रुवारी ते डिसेंबरच्या नोंदी

११ फेब्रुवारी

आम्ही गुहागरला राहतो, समुद्र चालत पाच मिनिटांवर, घर जांभ्याचं आणि कौलारू. लेकीला ड्वार्फ हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) पाळायचाय आणि ठरलंय असं की आधी घर करायचं, ते रिकामंच उन्हाळ्यातून आणि पावसातून काढायचं, ते टिकलं तर मग प्राणी आणायचा. हे हॅमस्टर मूळचे मंगोलिया, कझाकस्तान, सायबेरियाकडच्या माळरानातले. कोरडी हवा, थंड रात्री, जमिनीखाली बीळ. आपल्याकडे यातलं काहीच नाही. व्हिडिओत जे सेटअप दिसतात ते थंड देशातले नाहीतर एसी फ्लॅटमधले, किनाऱ्यावरच्या साध्या घरात काय होतं ते लिहिलेलं मला कुठे मिळालं नाही, म्हणून मी लिहून ठेवतेय, पुढच्या माणसाचे पैसे तरी वाचतील.

डोक्यात ठेवलेले आकडे: तापमान १८ ते २४ डिग्री चांगलं, ३० च्या वर गेलं की उष्माघाताची भीती. हवेतला दमटपणा ४० ते ६० टक्के. जागा निदान १०० बाय ५० सेंटीमीटर, आणि बीळ खणायला बेडिंग (पेटीच्या तळाशी भरायचा मऊ थर) २० सेंटीमीटर खोल. प्राणी ३०-५० ग्रॅमचा असतो म्हणून दुकानात बुटाच्या खोक्याएवढा पिंजरा देतात, तो घेऊ नका.

१४ फेब्रुवारी

तापमान आणि दमटपणा दाखवणारे दोन डिजिटल मीटर मागवले, ३५० रुपयांना एक. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर दमटपणाचे आकडे जुळेनात. मग मिठाची टेस्ट केली, ती सगळ्यांनी करावी: एका झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं (विरघळवायचं नाही), ते झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी मीटरने ७५ टक्के दाखवायला पाहिजे. आमचा एक ७१ दाखवत होता, दुसरा ८०. दोघांच्या पाठीवर चिकटपट्टी लावून "अधिक ४" आणि "उणे ५" लिहून टाकलंय. पुढचे सगळे आकडे दुरुस्त करून लिहिलेत.

३ मार्च

घरभर मीटर फिरवले. दुपारी अडीचला माळ्यावर ३९, पडवीत ३४, लेकीच्या खोलीत (पश्चिमेची खिडकी) ३३, माजघरात २९. माजघराला बाहेरची भिंतच नाही आणि जांभा जाड आहे, त्यामुळे ऊन आत पोचायलाच संध्याकाळ होते. लेकीला तिच्याच खोलीत हवा होता. मीटर तिच्या हातात दिला, तिने स्वतः आकडे वहीत लिहिले आणि स्वतःच माजघर म्हणाली.

१७ मार्च

पहिली पेटी झाली. १२ एमएमचा प्लाय, वरच्या अर्ध्यात जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) जाळी, पुढे काच. प्लाय, जाळी, बिजागऱ्या, फेविकॉल, काच मिळून ३,१०० रुपये, आप्पांची (सासरे) करवत आणि पटाशी घरचीच. जाळी पाव इंचीच घ्या. अर्धा इंची स्वस्त पडते पण पिल्लू असेल तर त्यातून डोकं जातं, आणि डोकं गेलं की अंग जातंच.

शेजारच्या काकांनी हापूसच्या जुन्या पेट्या देऊ केल्या होत्या, त्यांची फळी काढून आत घरटं करा म्हणून. नाही घेतल्या. खिळे ठिकठिकाणी वर आलेले असतात, लाकूड कसलं ते कळत नाही, आणि हा प्राणी दिसेल ते कुरतडणार कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. आंब्याची किंवा काजूची फांदीसुद्धा आत घालायची नाही, दोन्ही एकाच कुळातली झाडं, चीक अंगावर उठतो हे आपल्याला माहीतच आहे. परसातल्या पेरूच्या फांद्या तोडून, धुऊन, उन्हात वाळवायला टाकल्यात. पेरूवर औषध मारलेलं नसलं पाहिजे. लपायला करवंट्या, बाहेरून शेंड्या घासून काढून कानशीने कड गुळगुळीत केली आणि पाच सेंटीमीटरचं दार कापलं. हे काम आप्पांनी केलं आणि दुकानातल्या सातशे रुपयांच्या घरट्यापेक्षा छान झालंय, खरंच.

१४ एप्रिल

माजघरात दुपारी ३१. दोन डिग्री खाली आणायचे म्हणून जे जे वाचलं ते करून बघितलं, आत मीटर ठेवून.

ओला टॉवेल जाळीवर: नागपूरकडे चालत असेल, इथे नाही. हवेतच ७० टक्के ओलावा असला तर पाणी उडणार कुठे, तापमान जेमतेम अर्धा डिग्री उतरलं आणि आतला दमटपणा ८४ वर गेला. बाद.

बर्फाची बाटली पेटीच्या आत: तापमान उतरलं पण तासाभरात बाटलीला एवढं पाणी सुटलं की खालचं बेडिंग चिंब. बाद. फ्रिजमधल्या कडप्प्याच्या तुकड्याचंही तेच.

जमलं ते असं. कडप्प्याचा एक फुटाचा तुकडा फ्रिजमध्ये न घालता तसाच आत ठेवायचा, दगड सावकाश तापतो म्हणून दुपारी अंगाला गार लागतो आणि कोरडा राहतो. फरशीवाल्याकडे कापलेले तुकडे पडलेले असतात, फुकट दिला. आणि बर्फाची बाटली बाहेर, काचेला टेकवून, स्टीलच्या परातीत, म्हणजे सुटलेलं पाणी परातीतच पडतं. काचेजवळच्या कोपऱ्यात २८.५ दिसले, दुसऱ्या टोकाला ३० च्या वर. प्राण्याला गार कोपरा आणि साधा कोपरा असे दोन्ही मिळतात आणि तो स्वतः निवडतो, हे मला जास्त पटलं. नुसता टेबलफॅन सोडून काही होत नाही, हॅमस्टरला आपल्यासारखा घाम येत नाही.

१२ मे

हॅमस्टरची आगोट, म्हणजे पावसाआधीची साठवण. आपलं तांदूळ, मिरच्या, पापड चाललंच होतं त्यातच हेही उरकलं. जून ते सप्टेंबर कुरियर कधी येईल सांगता येत नाही, आणि आलं तरी बेडिंगचं खोकं भिजलेलं असतं.

धान्य: नाचणी, वरी, राळं, बाजरी, ज्वारी, थोडे जवस, थोडे तीळ. कडकडीत उन्हात वाळवलं, मग पिशव्या बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये, त्याने किड्यांची अंडी मरतात, नाहीतर श्रावणापर्यंत सोंडे होतात. फ्रीझरमधून काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, लगेच उघडली तर धान्यावर दव धरतं. मग हवाबंद डबे. शेंगदाणे नाही ठेवले, पावसात त्यांना बुरशी लवकर धरते आणि ती विषारी असते. दिवसाला एक छोटा चमचा एवढंच खाणं लागतं त्यामुळे खर्च अगदी कमी, सगळं मिळून ४२० रुपये.

प्रोटीनसाठी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग आठवड्यातून दोनदा. सुकट घरात असतेच म्हणून मोह होतो पण तिच्यात मीठ आणि वाळू दोन्ही असतं, नको. आंबा, फणस, केळं काही नाही, ड्वार्फ हॅमस्टरमध्ये, खास करून कॅम्पबेल जातीत, मधुमेह होतो आणि दुकानात मिळणारे बरेचसे मिश्र असतात. कांदा-लसूण आणि आंबट फळंही नाही.

बेडिंग: कागदी आणि भट्टीत सुकवलेलं पाइन शेव्हिंग (लाकडाच्या पातळ ढलप्या), दोन्ही मिळून २,६०० रुपये, झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात, प्रत्येक पिंपात सिलिका जेलची पुरचुंडी आणि एक मीटर. सुताराकडचा भुसा घेऊ नका. त्यात प्लायची धूळ, गोंद, कसलीकसली लाकडं असतात आणि बारीक धुळीने फुप्फुसं जातात. गोठ्यातला पेंढाही नको, शेतातले उंदीर त्याच्यावर मुततात आणि लेप्टो (उंदरांच्या मुतातून होणारा ताप) काय असतो हे भातशेती करणाऱ्यांना सांगायला नको. काथ्या किंवा "हॅमस्टर कॉटन" नावाने मिळणारा कापूसही नाही, धागा पायाला गुंडाळतो. साधा पांढरा टिश्यू फाडून दिला की झालं.

२६ मे

जाळीला गंज. जिथे कापली त्या प्रत्येक टोकाला तांबूस ठिपका, कारण कापलं की जस्ताचा थर संपतो आणि आतलं लोखंड उघडं पडतं, आणि खारी हवा घरात येतेच. हा प्राणी जाळी चावतो, म्हणजे गंज पोटात जाणार.

९ जून

पाऊस लागला. पहिल्याच रात्री लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. माजघर २७ डिग्री, दमटपणा ९१. निसर्ग वादळ झालं (३ जून २०२०) तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, ते आठवून एक नियम केला: विजेवर चालणारं काही लावलं तरी ते बंद पडल्यावर पेटी नुसत्या हवेवर चालली पाहिजे.

२३ जून

प्लायची पेटी मोडीत काढली. खालच्या कडा फुगल्या, थर सुटायला लागले, आतल्या कोपऱ्यात हिरवट बुरशी, आणि हे आत प्राणी नसताना. त्याचं मूत जिरलं असतं तर काय झालं असतं. प्लायला वॉर्निश मारता आला असता पण मग ते कुरतडलं जाणार. ३,१०० रुपयांतले काच आणि बिजागऱ्या वाचल्या, बाकी गेलं, आणि तीन महिने. रिकामी चालवून बघितली म्हणून निदान प्राण्याचं काही गेलं नाही.

७ जुलै

दुसरी पेटी. या वेळी स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे गेले. त्याला कागदावर काढून दिलं: ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट, १२० बाय ६० सेंटीमीटर, खाली ३० सेंटीमीटर उंच काच चारी बाजूंनी, त्याच्या वर ३० सेंटीमीटर स्टेनलेस ३०४ ची पाव इंची जाळी, वरचं झाकण पण जाळीचं, आणि पाय एक फूट उंच. म्हणजे बेडिंग काचेत राहतं, सांडत नाही, आणि वरून चहूबाजूंनी हवा. नुसतं काचेचं टाकं इथे अजिबात नको, आतली ओल आतच कोंडते. सेक्शनच्या टोकाला पोकळ भोकं असतात ती बंद करून घ्या, आणि धारदार कडा तिथेच घासून घ्या. सिलिकॉनचा वास जायला आठवडा उघडी ठेवली. जाळीसकट ६,८०० रुपये. पहिल्या वेळी हे महाग वाटलं होतं.

२१ जुलै

आज लेकीने पडवीत धामण बघितली, उंदरांच्या मागे आली होती. धामण बिनविषारी, तिला काठीने बाहेर लावली, पण यातून कळलं की सांडलेलं धान्य उंदीर आणतं आणि उंदीर धामण आणतात. झाकणाला दोन कड्या लावल्या आणि धान्याचे डबे माजघरातून हलवून स्वयंपाकघरात नेले.

बेडिंगची चाचणी पण संपली. नुसतं कागदी २० सेंटीमीटर भरलं होतं, बारा दिवसांत तळाशी कुबट वास आणि हात घातला तर दमट. कागद हवेतलं पाणी ओढून धरतो. नुसतं शेव्हिंग कोरडं राहिलं पण बिळाचं छत ढासळतं (हाताने बोगदा करून बघितला). जमलेलं मिश्रण: दोन भाग शेव्हिंग, एक भाग कागदी, हाताने दाबून भरायचं. एका टोकाला २० सेंटीमीटर, दुसऱ्या टोकाला ८, उतार देऊन. पायांमुळे तळाखालून हवा फिरते, त्यामुळे काच गार पडून आतून ओली होत नाही. झाकणावर कॉम्प्युटरचा एक १२ व्होल्टचा पंखा लावला, हवा बाहेर ओढणारा, अगदी हळू. आत ७४-७८ टक्के, बाहेर ९०. पुस्तकातले ६० इथे जुलैत एसीशिवाय मिळणार नाहीत. माझं मत असं झालंय की आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा बेडिंग हाताला कोरडं लागतंय का आणि कुबट वास येतोय का हे रोज बघावं.

हवेतली ओल ओढून घेणारा छोटा डीह्युमिडिफायर (२,९०० रुपये) घेतला होता, रात्रभरात अर्धा कप पाणी आणि खोली एक डिग्री गरम. परत केला.

४ ऑगस्ट

मुंग्या. आजीच्या फडताळासारखे पायांखाली पाण्याचे वाडगे ठेवले, मुंग्या थांबल्या, पण पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या, ते डेंग्यूला आमंत्रण. आता पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि एक दिवसाआड पाणी बदलायचं. पेटी भिंतीला आणि दोरीला कुठेच टेकता कामा नये, पंख्याच्या वायरवरून पण येतात, तिला व्हॅसलीनचा पट्टा लावलाय.

११ ऑगस्ट

अंघोळीची वाळू. ड्वार्फ हॅमस्टर पाण्याने अंघोळ करत नाही, वाळूत लोळून केस साफ करतो, वाळू नसेल तर केस तेलकट होतात. वाळू पाहिजे, पावडर नाही, चिंचिला नावाच्या प्राण्यासाठी मिळणारी बारीक डस्ट श्वासात जाते. किनारा समोर असल्यावर वाळू विकत कशाला, म्हणून समुद्राची आणली, दोन पाण्यांनी धुतली, तव्यावर भाजली. कोरडी ठणठणीत झाली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ओलसर गोळे. मीठ राहिलं होतं, ते हवेतलं पाणी ओढतं. सात-आठ पाण्यांनी धुतल्यावर थोडी सुधारली पण शिंपल्यांचे धारदार तुकडे चाळूनही राहतात. शेवटी फिशटँकची बारीक, रंग न दिलेली वाळू घेतली, १८० रुपये, भाजून वापरतोय. पावसात दर चार दिवसांनी पुन्हा भाजायची, पूर्ण गार करून मगच आत.

१८ ऑगस्ट

हॅमस्टर आणली. चिपळूणच्या एका कॉलेजच्या मुलाने दोन "माद्या" म्हणून आणलेल्या, त्यातला एक नर निघाला आणि सहा पिल्लं झाली, त्यातली एक. सहा आठवड्यांची, २९ ग्रॅम. ही पिल्लं महिन्याभरात वयात येतात आणि ती भावांबरोबरच होती, गाभ १८ ते २१ दिवसांचा असतो, तेव्हा तीन आठवडे वाट बघायची, तोवर उगाच उचलायची नाही. येताना डब्यात तिच्याच पिंजऱ्यातलं थोडं बेडिंग, आणि पाण्याऐवजी काकडीची फोड कारण बाटली गाडीत गळते.

दोन हवीत, एकटी पडेल असं लेकीला वाटत होतं. मी ठाम नाही म्हटलं. मोठे झाल्यावर भांडतात आणि ती भांडणं रक्त निघेपर्यंत जातात.

५ सप्टेंबर

परवा गणपती. घरात वीसेक माणसं, आरतीला झांजा आणि ढोलकी, अंगणात फटाके. हॅमस्टरला आपल्याला ऐकू न येणारे खूप उंच पट्टीचे आवाजसुद्धा ऐकू येतात, तेव्हा पेटी माजघरातून मागच्या कोठीत हलवली, भात ठेवायची, तिथे २८ डिग्री. पेटी पूर्ण झाकली नाही, हवा कोंडते. दारावर लेकीने पाटी लावलीय. मुंबईहून आलेल्या पोरांना दिवसा ती झोपते, झोपेतून उठवलं की चावते हे आधीच सांगितलं, रात्री नऊला दोघं-दोघं आत जाऊन लांबून बघायचं. सगळ्यांनी पाळलं.

८ सप्टेंबर

तीन आठवडे झाले, पिल्लं नाहीत. वजन ३६ ग्रॅम. तिचा साठा तपासला, उंच टोकाच्या बिळात भरपूर वरी आणि काकडीचा एक काळा पडलेला तुकडा. दमट दिवसांत ओलं खाणं नखाएवढंच द्यायचं आणि सकाळी शोधून काढायचं. साठा सगळा काढू नका, बिचारी घाबरते. खराब तेवढं काढा आणि तेवढंच कोरडं धान्य परत ठेवा.

१३ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. जूनपेक्षा हे दिवस मला जास्त भीतीचे वाटले. माजघर ३१, पाऊस थांबलाय, वारा नाही, जमिनीतून वाफ येतेय. मंगळवारी दुपारी ती बिळातून बाहेर येऊन कडप्प्यावर पसरून पडली होती, पाय लांब करून. हात लावला तर लगेच उठून पळाली, म्हणजे ठीक, गार व्हायला पडली होती. उष्माघातात प्राणी ढिला पडतो, श्वास भराभर, तोंडाजवळ ओलं होतं, हलवलं तरी धड उठत नाही. तसं झालं तर गार पाण्यात बुडवायचं नाही, गार जागी आणून हळूहळू थंड करायचं आणि डॉक्टर. आपल्याकडचे डॉक्टर गुरं आणि कुत्री बघतात, म्हणून हॅमस्टर बघणाऱ्या कोल्हापूरच्या एका डॉक्टरांना आधीच फोन करून ठेवलाय, वेळ, फी सगळं विचारून. प्राणी आणायच्या आधीच हे करा.

आता बाटल्या चार, दोन फ्रीझरमध्ये दोन काचेला, अकरा ते पाच पाळीपाळीने. शाळेतून लेक येईपर्यंत आप्पा बदलतात, एक दिवस चुकलेला नाही.

८ डिसेंबर

चाक अडकलं. दुकानात मिळतं ते १२ सेंटीमीटरचं चाक पाठ वाकवतं म्हणून २१ सेंटीमीटरचं, सलग पृष्ठभागाचं मागवलं होतं, ९५० रुपये. सप्टेंबरात त्याच्या बेअरिंगला खाऱ्या हवेने गंज धरून किरकिर यायला लागली तेव्हा मी खोबरेल तेल लावलं होतं, चाटलं तरी अपाय नाही म्हणून. आता पहाटे माजघर १९ डिग्री, खोबरेल २४ च्या खाली थिजतं, आणि चाक जाम. ती रात्री धावते, म्हणजे नेमकी ऐन वेळी. दोन रात्री धावायला मिळालं नाही तर जाळीची चावाचावी सुरू झाली, त्यावरून लक्षात आलं. गरम पाण्याने तेल काढलं, बेअरिंग काढून नायलॉनचा बुश बसवला, सायकलवाल्याकडून, २० रुपये. तेल काहीच नाही. रात्री दीडला उठून ऐकलं, चालू आहे.

वजन ४१. आतापर्यंत वाया गेलेलं सोडून १३,४०० रुपये, त्यात अर्धी पेटीच. मार्चच्या आत माजघराच्या वरच्या कौलांखाली झावळ्यांचा थर द्यायचाय, आप्पा म्हणतात दोन डिग्री उतरतील. मीटर लावून बघणार.